हत्तिणीच्या रिपोर्टवरचे बाण

प्रश्न असा आला आहे: "सर, मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका पशुवैद्यकीय दवाखान्यात नुकताच रुजू झालो आहे. आमच्या भागातल्या एका मठात साधारण चाळिशीची हत्तीण आहे. उन्हामुळे जरा मंद वाटते, लीद थोडी कोरडी आहे, खाणे ठीक. रक्त शहरातल्या लॅबला पाठवले. सोडियम १२७, पोटॅशियम ७.८, क्लोराईड ८८, कॅल्शियम ६.१. चारही आकड्यांसमोर मर्यादेबाहेरचे बाण आहेत. विश्वस्त मंडळी म्हणतात, आजच सलाईन आणि कॅल्शियम लावा. लावू का? आणि पुढे ही तपासणी किती दिवसांनी करावी?"

लावू नका, डॉक्टर. कॅल्शियमची बाटली गाडीतच राहू द्या. सलाईनचे पुढे सांगतो.

तुमच्या चार आकड्यांपैकी दोन हत्तिणीचे आहेत आणि दोन बल्बचे, म्हणजे रक्त भरतात त्या छोट्या नळीचे.

आधी हत्तिणीचे दोन. सोडियम १२७ आणि क्लोराईड ८८ हे आशियाई हत्तीत अगदी रोजचे आकडे आहेत. माणसाचे सोडियम १३५ ते १४५ असते, गाय-म्हैसही साधारण त्याच घरात. हत्तीचे मात्र १३० च्या अल्याडपल्याड राहते आणि क्लोराईड नव्वदीला टेकते किंवा जरा खाली असते. लॅबच्या संगणकाला वाटते समोर माणूस बसलाय, म्हणून त्याने दोन्हींपुढे खाली जाणारा बाण काढला. त्याचा दोष नाही. फॉर्मवर 'हत्ती' लिहिले तरी बहुतेक लॅबच्या छापील कागदावर माणसाचीच मर्यादा छापून येते.

आता पोटॅशियम ७.८ आणि कॅल्शियम ६.१. हत्तीचे पोटॅशियम आपल्यासारखेच साडेचार-पाचच्या आसपास असते, आणि कॅल्शियम १० ते ११ मिलिग्रॅम. पोटॅशियम खरोखर ७.८ झालेले आणि त्याच वेळी कॅल्शियम ६ वर आलेले जनावर उभे राहून ऊस मोडून खात नाही. तुम्हीच लिहिलेय, खाणे ठीक. म्हणजे हे आकडे तिच्या अंगातले नाहीत. एकाच कागदावर पोटॅशियम चढलेले आणि कॅल्शियम पडलेले दिसले की माझे लक्ष सगळ्यात आधी जांभळ्या टोपणाच्या बल्बकडे जाते. त्यात पोटॅशियम ईडीटीए असते. रक्त गोठू नये म्हणून ते कॅल्शियम धरून ठेवते, आणि स्वतःचे पोटॅशियम नमुन्यात सोडते. त्याचा अगदी थोडा अंश प्लेन, म्हणजे ईडीटीए नसलेल्या, बल्बात गेला तरी अशी जोडी तयार होते. रिपोर्टमध्ये अल्कलाइन फॉस्फटेज असेल तर तेही बघा. ते नेहमीपेक्षा पडलेले दिसले तर शंका उरणार नाही, कारण त्या एन्झाइमला जस्त आणि मॅग्नेशियम लागते आणि ईडीटीए तेही ओढून घेते.

हे कसे झाले असेल ते अंदाजाने सांगतो, तुम्ही तुमच्या ड्रेसरला, म्हणजे दवाखान्यातल्या मदतनिसाला, रागावू नका. एकाच सिरिंजमध्ये दहा मिली रक्त ओढले, आधी जांभळा बल्ब भरला, सुईचे टोक आतल्या पावडरीला लागले, मग तीच सुई प्लेन बल्बात गेली. नाहीतर प्लेन बल्बात रक्त कमी पडले म्हणून कुणीतरी जांभळ्यातून थोडे ओतले. माझ्या सहाय्यकाने हे दोनदा केले आहे, आणि दोन्ही वेळा चांगल्या मनाने. "सर, वाया कशाला घालवायचे!" म्हणाला.

आता त्या ६.१ वर विश्वास ठेवून तुम्ही शिरेतून कॅल्शियम सोडले असते तर? ज्या जनावराचे कॅल्शियम मुळात बरोबर आहे त्याच्या हृदयावर ते भरभर जाते. मिल्क फिव्हरने, म्हणजे व्याल्यावर कॅल्शियम पडल्याने, आडव्या झालेल्या म्हशीला बाटली लावतानासुद्धा आपण छातीवर स्टेथोस्कोप ठेवून हळू सोडतो. उभ्या हत्तिणीच्या हृदयाचे ठोके मिनिटाला २५ ते ३५. एक-दोन ठोके चुकले तर ते तुमच्या लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो.

तेव्हा नमुना पुन्हा घ्या. उद्या पहाटे, ऊन चढायच्या आत.

कानाच्या मागच्या बाजूची शीर सगळ्यात सोयीची. माहुताला सांगून कान आधी पाण्याने धुवून घ्या, चिखल वाळलेला असतो, मग स्पिरिट लावा आणि स्पिरिट वाळू द्या. ओल्या स्पिरिटमधून सुई घातली तर पेशी फुटतात. २१ नंबरचा बटरफ्लाय सेट पुरतो. तिथे धमनीही शिरेला लागूनच जाते. चुकून ती लागली तर घाबरू नका, पण सुई काढल्यावर नीट पाच मिनिटे दाबून धरा. सिरिंज जोरात ओढू नका. आधी प्लेन बल्ब भरा, लाल किंवा पिवळ्या टोपणाचा. जांभळा सगळ्यात शेवटी. शक्य असेल तर सिरिंजची सुई काढून बल्बच्या कडेने रक्त सोडा, बारीक सुईतून जोराने सोडले तर तेही फुटते.

इथून पुढचा एक तास सोलापूरचा आहे, हत्तीचा नाही. पुस्तकात लिहिले असते "खोलीच्या तापमानाला ठेवा". एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२-४३ वर असतो, आणि मोटारसायकलच्या डिकीत त्याहून जास्त. गरम डिकीत हेलकावे खात आलेल्या बल्बातले सीरम, म्हणजे गुठळीवर राहणारे पाणी, लाल उतरते, म्हणजे पेशी फुटून त्यांच्यातले पोटॅशियम बाहेर आलेले आहे, म्हणजे आकडा खोटा. उलट टोकही वाईट. घाईघाईत सीरम वेगळे न काढता रक्त बर्फात ठेवले तर पेशींचा सोडियम-पोटॅशियम पंप मंदावतो आणि पोटॅशियम हळूहळू बाहेर झिरपते. मग करायचे काय? मठाच्या सावलीत अर्धा तास बल्ब उभा ठेवा, गुठळी नीट होऊ द्या, तासाच्या आत सेंट्रीफ्यूज करा, म्हणजे यंत्रात गरगर फिरवा, सीरम वेगळ्या स्वच्छ बल्बात काढा, आणि मग ते सीरम लसीच्या थर्मासमध्ये आइसपॅकवर. आइसपॅक आणि बल्ब यांच्यामध्ये कापड घाला. गावात सेंट्रीफ्यूज नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. मी आयुष्यभर माणसांच्या दवाखान्यातली सेंट्रीफ्यूज वापरली, चहाच्या बदल्यात. सीरमचा रंग स्वतःच्या डोळ्यांनी बघून वहीत लिहा: पिवळसर, गुलाबी, लाल. लालसर असेल तर पोटॅशियमचा आकडा वाचूच नका.

हातात मावणारे, कार्ट्रिजवर चालणारे यंत्र असले तर मठातच पाच मिनिटांत आकडे मिळतात. फक्त माझ्याकडचे यंत्र ३० अंशांवर गेले की चालायला नकार देत असे. उन्हाळ्यात ते गाडीत एसी लावून मांडीवर घेऊन बसावे लागे आणि माहूत काचेतून बघत हसत असे.

आता सलाईनकडे येतो. इथेच मला तुम्हाला जास्त सावध करायचे आहे, पण वेगळ्या कारणासाठी.

खूप वर्षांपूर्वी, सोलापूरला मे महिन्यात एक सर्कस उतरली होती. नाव घेत नाही. तिच्यातली एक मोठी हत्तीण दोन दिवस सुस्त होती. तेव्हा लॅबमध्ये सोडियम-पोटॅशियम फ्लेम फोटोमीटरवर व्हायचे. रिपोर्ट आला: सोडियम १४३. त्यापुढे बाण नव्हता, कारण १४३ माणसात उत्तम. लॅबच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितले, "एकदम नॉर्मल आहे हो." मीही तरुण होतो, सुटकेचा श्वास टाकला. तिसऱ्या दिवशी हत्तीण पोटाकडे पाय झाडायला लागली, लीद बंद. तेव्हा कुठे मी माहुताला नीट विचारले. टँकरचे पाणी यायचे, त्यात ब्लीचिंग पावडर जरा जास्त पडली होती. तिने सोंडेने वास घेतला आणि तोंडात न घालता सगळे अंगावर उडवले. सगळ्यांना वाटत होते ती पाणी पितेय, कारण हौद तर रिकामा होत होता! १३० च्या जनावरात १४३ म्हणजे अंगातले पाणी बऱ्यापैकी गेलेले. बाण नसलेला तो एक आकडा आम्हाला महाग पडला. हत्तीण वाचली, पण चार रात्री तिथेच काढल्या.

म्हणून हत्तीच्या कागदावर मी खाली जाणाऱ्या बाणांना फारसे घाबरत नाही. न छापलेल्या वरच्या बाणाला घाबरतो. सोडियम १३८-१४० कडे सरकले की माझ्यासाठी ती पाण्याची तक्रार असते, मग कागदावर काही छापलेले असो वा नसो. सोबत जांभळ्या बल्बातून पीसीव्ही, म्हणजे रक्तातला पेशींचा वाटा, आणि सीरममधून एकूण प्रथिने बघा. हत्तीची प्रथिने मुळातच ८ ग्रॅमच्या आसपास असतात, म्हणजे तिथेही माणसाची मर्यादा कामाची नाही. पण तिन्ही आकडे एकत्र वर गेले तर पाणी कमी पडतेय यात शंका नको.   

तुमच्या हत्तिणीचे सोडियम १२७. पाणी फार कमी झाले असते तर ते इतके खाली राहिले नसते. पण लीद कोरडी आहे, तेव्हा पाणी किती जातेय ते मोजाच. एवढ्या जनावराला दिवसाला शंभर ते दोनशे लिटर लागते, उन्हाळ्यात वरच्या बाजूला. हौदावर खडूने रेघ मारू नका, सर्कशीची गोष्ट आत्ताच सांगितली. पंधरा लिटरच्या बादल्या ठेवा, माहुतासमोर सोंडेने तोंडात गेलेल्या मोजा. बोअरचे पाणी असेल तर चव घेऊन बघा. आपल्या काळ्या रानातल्या बऱ्याच बोअरचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते. जनावर पिते, पण कमी पिते.

विश्वस्तांना सलाईनचा हिशेब असा समजावून सांगा. छातीचा घेर टेपने मोजा, सेंटिमीटरमध्ये. त्याला १८ ने गुणा, त्यातून ३,३३६ वजा करा, आशियाई हत्तीचे वजन साधारण किलोत मिळते. घेर ३५० आला तर वजन जवळजवळ ३,००० किलो. अशा हत्तिणीच्या अंगातून वजनाच्या पाच टक्के पाणी गेले तर तूट १५० लिटरची. अर्ध्या लिटरच्या तीनशे बाटल्या! कानाच्या शिरेतून दोन बाटल्या सोडून फोटो चांगला येतो, एवढेच. हत्तीला खरोखर पाणी द्यायचे असेल आणि तोंडाने घेत नसेल तर गुदमार्गाने द्या. हात घालून लीद काढून घ्यायची, गुळगुळीत टोकाची नळी आत सरकवायची, कोमट साधे पाणी उंचावरच्या पिंपातून हळूहळू. मोठ्या आतड्यातून ते छान शोषले जाते. माहूत तिच्या तोंडाशी उभा हवा, तुम्ही बाजूला. थेट मागे कधीच उभे राहायचे नाही.

आणि घोड्यांना देतात ती इलेक्ट्रोलाइट पावडर कुणी सुचवली तर थांबवा. घोडा घामातून मीठ घालवतो. हत्तीला तसा घाम येतच नाही, घामग्रंथी फक्त नखांजवळ. तो कान हलवून आणि ओल्या कातडीतून उष्णता सोडतो. त्याला उन्हाळ्यात सावली हवी, अंगावर पाणी आणि चिखल हवा, प्यायला गोड पाणी हवे. रोजच्या भाताच्या गोळ्यात माहूत चिमूटभर खडेमीठ घालतोच, ते चालू द्या.

खरी इलेक्ट्रोलाइट बिघडतात ती जुलाबात, किंवा हत्ती आडवा पडून उठत नाही तेव्हा. दुसऱ्या प्रकारात वजनाखाली स्नायू दबून फुटतात, पोटॅशियम खरेखुरे चढते, आणि सोबत सीके व एएसटी ही स्नायूंतली एन्झाइमही. हत्ती आडवा असेल तर नमुना लगेच घ्या, रात्र आहे म्हणून सकाळची वाट बघू नका. नर हत्ती मस्तीत, म्हणजे माजावर, असेल तर तो खाणेपिणे कमी करतो. तेव्हा रक्त घ्यायला जवळ जाऊच नका, आधी आणि नंतर घ्या.

आता कॅल्शियम. तुमचा पुढचा नमुना बहुधा १० च्या आसपास येईल, आणि तुम्ही निश्चिंत व्हाल. होऊ नका. रक्तातले कॅल्शियम शरीर काहीही करून टिकवते, हाडांतून काढून टिकवते. चाऱ्यात वर्षभर कॅल्शियम कमी असले तरी रक्तात आकडा बरोबरच दिसतो. म्हणून मी कॅल्शियमपेक्षा ती काय खातेय ते आधी विचारतो.

आपला जिल्हा साखर कारखान्यांचा. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत हत्तीपुढे काय पडते? उसाचे वाढे, फुकट आणि ट्रॅक्टरभर. वाढ्यात ऑक्झलेट भरपूर असते आणि ते कॅल्शियम बांधून लिदीतून बाहेर काढते. गाई-म्हशींना वाढे घालणारा शेतकरी हे जाणतो, म्हणून तो चुन्याची निवळी देतो. त्यांच्या पहिल्या पोटातले जंतू तरी थोडे ऑक्झलेट मोडतात. हत्ती रवंथ करत नाही, त्याची आंबवण घोड्यासारखी मागच्या आतड्यात होते. घोड्यांमध्ये ऑक्झलेटचा चारा दीर्घकाळ खाल्ल्याने हाडे विरल्याचे ठाऊक आहे, तेव्हा हत्तीतही मी तोच धोका धरून चालतो. वर भक्तमंडळी गव्हाचा कोंडा आणि केळी आणतात. कोंड्यात फॉस्फरस खूप, कॅल्शियम नगण्य. केळी आणि गुळात पोटॅशियम भरपूर, पण निरोगी मूत्रपिंड ते बाहेर टाकते, त्याची काळजी करू नका. कॅल्शियम-फॉस्फरसच्या जोडीची करा.

काय घालावे? वाढे चालतील, पण निम्म्याहून कमी. मालदांडी ज्वारीचा कडबा पोटभरीसाठी चांगला. त्यावर वड-पिंपळाच्या फांद्या आणि लसूणघास, दोन्हींत कॅल्शियम चांगले असते, आणि फांदी सोलायला तिला दोन तास लागतात हा वेगळाच फायदा. साखळीला बांधलेल्या जनावराला काहीतरी काम हवे. मोठ्या जनावरांचे मिनरल मिक्स्चर भातात. नमुन्यात कॅल्शियमसोबत फॉस्फरस आणि अल्कलाइन फॉस्फटेज दर वेळी मागा. फॉस्फरस पाचच्या आसपास असावा. तो हळूहळू वर सरकत असेल आणि नखांना चिरा, तळवे मऊ अशी तक्रार असेल तर चाऱ्याकडे वळा. गाभण हत्तिणीत कॅल्शियमचे महत्त्व आणखी वाढते, ते कमी पडले तर कळा येत नाहीत आणि पिल्लू अडते. तुमच्याकडे तो प्रसंग नाही.

किती दिवसांनी? उद्याच्या नमुन्यानंतर एक पंधरवडा जाऊ द्या आणि मग तीन नमुने घ्या, पाच-पाच दिवसांनी, ती बरी असताना, त्याच वेळी, त्याच कानातून, त्याच लॅबच्या त्याच मशीनवर. त्या तिघांची सरासरी ही तिची स्वतःची मर्यादा. पुस्तकातली मर्यादा त्यानंतर. लॅब बदलली तर सोडियममध्ये दोन-तीनचा फरक नुसत्या मशीनमुळे पडू शकतो, मग तुम्ही हत्तीवर उपचार करताय की मशीनवर ते कळत नाही. पुढे वर्षातून चार नमुने पुरेत: सोलापूरची गड्ड्याची यात्रा आटोपल्यावर जानेवारीच्या शेवटी, ऐन मे महिन्यात, पाऊस लागल्यावर ऑगस्टमध्ये, आणि वाढे सुरू होण्याआधी ऑक्टोबरात. मधे काही झाले तर अर्थात लगेच. दर महिन्याला घेणारेही आहेत. सुईला वैतागलेली हत्तीण कान देईनाशी होते, आणि ज्या दिवशी खरी गरज असते त्या दिवशी रक्त मिळत नाही.

वहीत प्रत्येक नमुन्यापुढे लिहा: तारीख, वेळ, कोणती शीर, त्या दिवशीचे तापमान, आदल्या दिवशीच्या बादल्या, चारा, सीरमचा रंग, गुठळी ते सेंट्रीफ्यूज किती मिनिटे. फॉर्मवर हत्तिणीचा मायक्रोचिप नंबर घाला. ती वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या सूची १ मधली आहे, मालकीचा दाखला मठाकडे असायलाच हवा, एकदा बघून घ्या आणि तपासणीची एक प्रत वनविभागाला जाऊ द्या. विश्वस्त घाबरलेले का आहेत तेही समजून घ्या. २०२५ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या नांदणी मठाची हत्तीण महादेवी गुजरातेत जामनगरला गेली, तेव्हा तिच्या तब्येतीचे अहवाल न्यायालयापर्यंत गेले होते. अशा वेळी ईडीटीएने बिघडलेला रिपोर्ट फायलीत तसाच राहिला तर तो उद्या कुणीही वाचेल आणि म्हणेल, या हत्तिणीचे पोटॅशियम ७.८ होते आणि डॉक्टरने काही केले नाही. तेव्हा त्या कागदावरच आज लाल पेनाने लिहा: नमुना दूषित, पुन्हा घेतला. खाली तारीख आणि सही.

उद्याचे आकडे आले की कळवा, आणि पहिला बल्ब कोणत्या टोपणाचा भरला होता तेही ड्रेसरला शांतपणे विचारून लिहा.